घंटेची चाल

"थांब," मिकेजा म्हणाला. वस्तीच्या लाकडी कोटाच्या दाराचा अडसर काढायला गेलेला कझायाचा हात तिथंच थबकला.

"काका, आमच्याच गाईची घंटा आहे ही. माझं दूध आटलंय. पोर कालपासून नुसत्या पाण्यावर आहे. सोडा मला."

"घंटा तुझ्याच गाईची. पण चाल गाईची नाही."

पहाटेच्या धुक्यात, ओढ्यापलीकडच्या बोरूच्या रानातून आवाज येत होता. चरणारी गाय मान झटकते, मध्येच थांबते, माशा हाकलते; तिची घंटा कशीही वाजते. ही पावलागणिक एकसारखी वाजत होती. म्हणजे घंटा माणसाच्या हातात होती. मागच्या सुगीत कझायाचा नवरा अशाच घंटेमागं गेला होता. रानात दबा धरून बसलेल्या शॉनी इंडियनांनी त्याला तिथंच गाठून मारलं होतं.

"तो जर्मन कुठंय? योस्ट?" कझायानं विचारलं. "त्याला तरी बरोबर न्या."

"तो पडला असेल मक्याच्या कोठारात घोरत," म्हातारी टॅबिथा म्हणाली. "त्याला उठवायला तोफ आणावी लागेल."

दोघं-तिघं दबक्या आवाजात हसले. मिकेजा हसला नाही. साऱ्या कोटाची मदार त्याच्या कानांवर होती. तो मागच्या खिंडारातून बाहेर पडला, ओढा ओलांडून एका आडव्या ओंडक्यामागं बसला आणि बंदूक रोखून धरली.

घंटा जवळ आली. बोरू हलले. धुक्यात खांदे दिसले, त्यानं चाप ओढला.

तो धावत गेला तेव्हा योस्ट चिखलात बसला होता, एक हात छातीशी घट्ट धरून. हातात वाळल्या भोपळ्याचा तुंबा होता, मक्याच्या बुरकुंडाचं बूच मारलेला. घंटा शेजारी पडली होती.

"म्हातारबा, तुम्ही होय?" योस्ट म्हणाला. "बरं झालं. मला वाटलं, शॉनीच."

मिकेजानं त्याच्या कुशीवर हात दाबला. रक्त थांबेना.

"गाय रुतली दलदलीत. रात्रभर ओढली, निघेना. मग होतं तेवढं पिळून घेतलं." योस्टनं तुंबा पुढं केला. "पोरीला द्या."

"अरे, हाक का नाही मारलीस?"

"हाक शॉनींनी ऐकली असती. घंटेचं काय, त्यांना वाटेल गाय चरतेय." तो जरा थांबला. "तुम्हाला मात्र कळेल, आपलंच कोणीतरी येतंय."

मिकेजानं कुशीवरचा हात आणखी दाबला. थोड्या वेळानं योस्टचा श्वास थांबला.

दुपारी योस्टला कोटाच्या भिंतीलगत पुरलं. कझायानं तुंब्यावरचं रक्त बाहेरच धुतलं, दूध निखाऱ्यावर कोमट केलं आणि चमच्यानं पोरीला पाजायला बसली.

मिकेजा तिच्या दाराबाहेर बसून होता. येणारा-जाणारा त्याच्या खांद्यावर हात ठेवून तेच सांगत होता. काका, मनाला लावून घेऊ नका, तुमच्या जागी कुणीही हेच केलं असतं. तो मान हलवत होता. त्यांचं बोलणं त्याच्या कानात शिरतच नव्हतं. आत पोर मिटक्या मारत दूध पीत होती, तेवढं मात्र त्याला लख्ख ऐकू येत होतं.