न ऐकणारं मुंगूस

गावातली खरी मुंगसं संपल्यावर वसाहतीने यंत्राची आणली, तेव्हापासून कुमुदिनीबाईंचा शकुन एकदाही चुकला नव्हता. रोज सकाळी त्या कुंपणाशी जाऊन म्हणायच्या, "मुंगसा मुंगसा, तोंड दाखव, तुला रामाची शपथ!" की मुंगूस लगेच वळून तोंड दाखवी. महिनाभरात बाईंना त्या तोंडाचा कंटाळा आला.

मंगळवारी मात्र मुंगूस पाठ फिरवून जास्वंदीखाली बसलं. बाईंनी तीनदा शपथ घातली. ते ढिम्म! बाई दुपारपर्यंत त्याच्याशी भांडत राहिल्या, जेवायचंही विसरल्या.

संध्याकाळी वसाहतीचा मेकॅनिक आला. "काकू, याचा कान गेलाय. पाच मिनिटांत वळणावर आणतो."

"हात लावू नकोस हं!" बाई आडव्या आल्या.

"अहो, पण ते तुमचं ऐकत नाहीये."

"म्हणूनच तर! दिवे ऐकतात, पंखा ऐकतो, मेलं दारसुद्धा ऐकतं. आमचे हे गेल्यापासून माझं न ऐकणारं घरात कुणी उरलंच नव्हतं रे."

मेकॅनिकने पेटी मिटली आणि कागदावर शेरा मारला: 'मुंगूस अगदी खऱ्यासारखं चालतंय.'