चौथं ताट

सृष्टीनं गॅस बंद केला आणि चार ताटं मांडली. तिचे सासरे लिंबाजीराव यांनी ती दोनदा मोजली. घरात खाणारी तोंडं चार होती हे खरं. पण पहिल्या पंगतीला ताटं दोनच लागायची. एक त्यांचं, एक लेकाचं, इंद्रजितचं. बायका मागून.

"पाव्हणं येनार हायत व्हय?"

"नाही मामा. आपणच."

लग्न होऊन सृष्टी मुरूमला आली त्याला फार दिवस झाले नव्हते. तेवढ्यात तिनं सासूचं जेवण नीट पाहून ठेवलं होतं. चिकन शिजलं की लेगपीस पुढच्या खोलीत जायचे. कस्तुराबाईंच्या वाट्याला मान, पंजे आणि पाणी घालून वाढवलेला रस्सा. तोही ओट्याखाली उकिडवं बसून, पातेल्यातच भाकरी कुस्करून. तक्रार कसलीच नाही. नवऱ्याचा ढेकर ऐकू आला, की आपली पाळी आली हे त्यांना कळायचं.

म्हणून सृष्टीनं मोबाइलवर हा पदार्थ शोधून काढला होता. बोनलेस चिकन, लोण्यात परतलेला लसूण, दूध, घरची साय, मिरपूड आणि त्यात उकडलेल्या नूडल्स. काम सोपं. यात लेगपीस नव्हता, मान नव्हती. सगळे तुकडे सारखे. रस्सा नव्हता, म्हणजे पाणी घालून वाढवायची सोय नव्हती. शिवाय गार झालं की सगळ्याचा गोळा. एवढी समता मुरूममध्ये याआधी फक्त भाषणांतून झाली होती.

"गार झालं की याचा गोळा होतो. गरम आहे तोवर सगळ्यांनी एकदमच बसायचं," ती म्हणाली. "नाहीतर कुणालाच नाही." आणि पातेलं दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.

लिंबाजीरावांनी लेकाकडं पाहिलं. लेकानं पातेल्याकडं पाहिलं. लसणाचा वास दरवळत होता, आणि वासापुढं रीतभात फार वेळ टिकत नाही.

"बसू द्या की आण्णा," इंद्रजित म्हणाला. "एक दिवस काय हुतंय?"

कस्तुराबाई दारातच थांबल्या होत्या. सृष्टीनं हाताला धरून त्यांना आणलं आणि बसवलं. त्यांनी पदर सावरला, मांडी घातली. मांडी घालून जेवायची सवय नसल्यानं ती दोनदा सुटली. पहिला घास त्यांनी डोळे मिटून खाल्ला. लढाई जिंकली होती. तिनं चौथं ताट वाढून घेतलं आणि ती सासूशेजारी बसायला वाकली.

"मीठ आन," कस्तुराबाई म्हणाल्या.

तिनं मीठ आणलं. मग पाणी. मग इंद्रजितला आणखी थोडं, मामांना आणखी थोडं. मग खुद्द कस्तुराबाईंना. "असं न्हाय, त्ये कडंचं घाल. साय हाय त्यात." पातेलं खरवडून झालं. सृष्टी पुन्हा बसायला वळली, तेव्हा कस्तुराबाईंनी चौथं ताट उचललं होतं. अर्धं लेकाच्या ताटात सारलं होतं, अर्धं स्वतःच्या.

"आत्या, ते माझं होतं."

"गार हुत हुतं की. तूच म्हनलीस न्हवं, गोळा हुतो म्हनून?"

इंद्रजित खाली मान घालून जेवत राहिला. लिंबाजीरावांनी बायकोकडं प्रथमच कौतुकानं पाहिलं.

सृष्टी पळी धरून उभी होती. कस्तुराबाईंनी बोटं चाटली, मान वर करून सुनेला डोळे भरून न्याहाळलं. त्यांचा चेहरा असा फुललेला त्या घरात कुणी कधी पाहिला नव्हता.

"गड्यांना जेवान येवढं ग्वाड का लागतंय, त्ये आज कळलं बग पोरी," त्या म्हणाल्या. "म्होरं कुनीतरी उपाशी हुबं पायजे."