एका धंद्याला एकच खुर्ची

"मान वर, आधी बरणी उघड, वास पसरू दे, मगच बोल," कादंबरीताई गुणवंतीला घरी बोलावून शिकवायच्या. मच्छीमार नगराबाहेर तिला तोंड उघडायची भीती वाटे. म्हणून ताई तिच्याकडून सगळं पुन्हा पुन्हा वदवून घेत: सुका जवळा किती भाजायचा, चटणीत आई काय टाकायची. ताईंच्या दादरच्या उद्योजक मंडळात एका धंद्याला एकच खुर्ची, म्हणजे एकच सभासद घेतात. आज चटणीच्या खुर्चीसाठी निवड होती. गुणवंतीचं नाव पुकारण्याआधी ताईंची लेक उर्वी उठली. मान वर करून तिने काचेची बरणी उघडली. हॉलभर गुणवंतीच्या आईच्या चटणीचा वास पसरला, मगच ती बोलली. टाळ्या पडल्या, खुर्ची भरली. गुणवंतीची बरणी पिशवीतच राहिली. जिन्यात ताईंनी तिचा खांदा थोपटला. "तू आज बोलली असतीस, तर उर्वीचं काही खरं नव्हतं. म्हणून तिला आधी उभं केलं."