मोडक्या खुर्च्यांची खोली

“मावशी, दार उघडायचं, बाजूला उभं राहायचं आणि तोंडाला कुलूप. कळलं?” इस्त्रीसाहेब म्हणाला.

तो या कारखान्याचा व्यवस्थापक. भर उन्हाळ्यातही त्याच्या शर्टाला सुरकुती पडत नसे, म्हणून सगळे त्याला माघारी इस्त्रीसाहेब म्हणत. झाडलोट करणारी मावशी त्याला मनातल्या मनात जे म्हणे, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तिनं दार उघडलं. परदेशी तपासनीस बाई आत आल्या. चोरून अणुबॉम्ब करायचा नाही, असा करार पुष्कळ देशांनी मिळून केला होता. या देशाचीही त्यावर सही होती. ती सही खरी की खोटी, हे बघायला बाई आल्या होत्या. सोबत दुभाषी होता, पण तो कारखान्याच्या पगारावरचा. साहेबाच्या तोंडाकडे बघितल्याशिवाय त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे.

खोलीत मोडक्या खुर्च्या रचलेल्या होत्या. कारखान्यानं बाईंना दिलेल्या नकाशातही तसंच लिहिलं होतं. बाईंनी नाक आक्रसलं.

“मोडक्या खुर्च्यांसाठी नवा रंग?”

“आमच्याकडे म्हाताऱ्यांचा मान राखतात,” साहेब म्हणाला. दुभाषी खो खो हसला. बाई हसल्या नाहीत.

मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. याच खोलीत तिचा नवरा चौदा वर्षं यंत्रावर उभा होता. आठ महिन्यांपूर्वी तो गेला; शेवटी शेवटी जिन्याची एक पायरी चढायलाही त्याला श्वास पुरेना. आजार या कामानं झाला एवढं लिहून द्या, म्हणून ती चार वेळा ऑफिसात जाऊन आली. चौथ्यांदा इस्त्रीसाहेबानं मान वर न करताच सांगितलं, “अशी खोलीच नाही, मावशी. बिड्या ओढत असेल.” ज्या माणसानं उभ्या जन्मात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही, त्याच्या नावावर मेल्यावर बिडी लागली.

तपासणीची बातमी आली आणि त्या नसलेल्या खोलीतली यंत्रं दोन दिवसांत हलली. मावशीकडून भिंती घासून घेतल्या. मग रंग आला आणि रंगामागून खुर्च्या.

बाईंनी पेटी उघडली. नवे हातमोजे चढवले, पांढऱ्या सुती कापडाचा चौकोन काढला, भिंत पुसली आणि कापड पिशवीत बंद केलं. पुन्हा नवे मोजे, नवा चौकोन, आता खिडकी. डोळ्यांना न दिसणारा युरेनियमचा कणही अशा कापडाला चिकटतो आणि प्रयोगशाळेत पकडला जातो, हे नवऱ्यानंच तिला सांगितलं होतं. पण इथे चिकटणार काय? कपाळ! मावशीला बाईंचाही राग आला. एवढी शिकलेली, कुठून कुठून आलेली, आणि पुसतेय काय, तर परवाचा रंग. मावशीकडे तर तिनं एकदाही पाहिलं नव्हतं.

पेटीत एकच कापड उरलं. साहेबानं घड्याळ पाहिलं आणि चहाचं विचारलं. मावशी पुढे झाली.

“बाई, माझे हात पुसा.”

दुभाष्यानं साहेबाकडे बघितलं आणि बाईंना काहीतरी सांगितलं. बाईंनी खिशातून कागदी रुमाल काढून मावशीपुढे धरला.

मावशीनं तो घेतला नाही. तिनं पेटीतल्या कापडाकडे बोट केलं, मग स्वतःच्या तळव्यांकडे, मग वर छताजवळ, जिथे हवेच्या पाइपाचं तोंड ताज्या गिलाव्यानं बुजवलं होतं. त्या पाइपातली धूळ परवा तिनं खरवडून काढली होती, नुसत्या हातांनी. हातमोजे मागितले, तर गोदामवाल्यानं रजिस्टर दाखवलं. मोजे कुठल्या खोलीसाठी ते लिहावं लागतं, आणि ही खोली रजिस्टरात नव्हती.

बाईंनी गिलाव्याकडे पाहिलं, मग पहिल्यांदाच मावशीच्या तोंडाकडे. त्यांनी नवे मोजे चढवले.

“हे चालणार नाही!” साहेब ओरडला. “करारात माणसं पुसायचं कलम नाही!”

“खोलीत जे काही आहे ते पुसून बघायचं कलम आहे,” बाई म्हणाल्या. “त्याही या खोलीतच उभ्या आहेत.” शब्द फिरवायची हिंमत आता दुभाष्यालाही झाली नाही.

“मावशी, हात खाली घे! नोकरी जाईल.”

“खोलीच नाही म्हणता, साहेब. मग नोकरी कुठली जायची?”

बाईंनी तिचा उजवा हात मनगटाशी धरला. कापड तळव्याच्या रेषांमधून फिरलं, एकेका नखाखालून फिरलं. मावशीनं दोन्ही हात पुढे धरून ठेवले. परवापासून तिनं ते धुतले नव्हते. रांगत आलेली नात पायाशी रडून रडून झोपली, तरी तिला उचललं नव्हतं.