डल्सीच्या चादरी

डल्सीचं व्हिटॅमिन डी ब्याऐंशी आलं आणि माझं एकतीस. दोघी अठ्ठ्याहत्तरच्या, घराला घर लागून, आमच्या लॉन्सेस्टन गावचं ऊनही तेच. गोळ्या मी घेते, डब्यातली सार्डिन मासळी नाक दाबून मी खाते, लायब्ररीत रोज चालत मी जाते. आणि आकडा मोठा हिचा!

ती मागच्या अंगणात तारेवर चादरी वाळत घालत होती. बाह्या दुमडलेल्या, डोक्यावर टोपीसुद्धा नाही. शेवटी मी कुंपणावरून विचारलंच, "काय खातेस गं चोरून?"

"कुठलं काय! सकाळभर उन्हातच असते ना, हा पसारा घेऊन."

"रोज इतक्या चादरी? घरात हॉटेल काढलंस की काय?"

ती हसली. मग चिमटा लावता लावता हळूच म्हणाली, "क्लाइव्हला हल्ली झोपेत कळत नाही, नोरीन. तीन-चार चादरी निघतात. कुणाला बोलू नकोस हं, लाजतो तो."

तेवढ्यात आतून तिच्या नवऱ्याची, क्लाइव्हची हाक आली, "डल, कुठे गेलीस?"

"आले रे बाबा, आले!" ती पाय ओढतच, पण लगबगीनं आत गेली.

माझ्या तारेवर उशीचा एकच अभ्रा होता. माझा नवरा रॉय गेल्यापासून आठवड्याला तेवढाच निघतो.

डल्सीच्या चादरींकडे बघून माझा जळफळाट आता तरी शमायला हवा होता. उलट वाढला.