दुसरी मूठ

“‘डब्यात दोरी दिलीत, आता दुसरा माणूसही द्या.’ वाचू पुढचे अभिप्राय?” चाचणीवालीने विचारलं.

“वाच,” साहेब म्हणाले. “दोरीवाल्यांना ऐकू दे.”

दोरीवाला खाली मान घालून बसला होता. कंपनीत त्याला खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. दोरी त्याने बनवली म्हणून तो दोरीवाला. दोन हात लांब दोरी, दोन्ही टोकांना एकेक मूठ, बटण एकही नाही. समोरासमोर बसून दोघांनी आळीपाळीने ओढायचं, की पडद्यावरची होडी चालते. हात कसा हलला, किती जोराने हलला, आधी कुणाचा हलला, सगळं मुठीला कळायचं. अडीच वर्षं त्याने यात घातली होती. दोरी बाजारात न्यायची की भंगारात, हे आज जेवणाच्या सुट्टीआधी ठरणार होतं.

“‘बायकोला म्हटलं, धर. ती म्हणाली, गॅलरीत बांध, कपडे वाळत घालते.’”

टेबलाभोवती हशा पिकला.

“‘भावाला हाक मारली. त्याने आतल्या खोलीतून मेसेज केला, काय आहे?’ हा पुढचा. ‘घरात चार माणसं, चार खोल्या, चार बंद दारं. दोरी कुणाच्या दाराखालून सरकवू?’”

महिनाभर खेळून बघा म्हणून तीनशे गेमर लोकांना डबे घरपोच दिले होते. त्यातल्या दोनशे साठ जणांनी डबा एकदाच उघडला. ही सगळी शूर मंडळी. कानाला हेडफोन लावून चाळीस अनोळखी माणसांना आईवरून शिव्या घालत रोज लढाया मारणारी. पण घरातलं एक माणूस अर्धा तास समोर बसवायचं म्हटलं, तर यांच्या तोंडचं पाणी पळालं. आणि खापर फुटलं दोरीवर.

“‘दोरी चांगली आहे. मी एकटा राहतो.’”

यावर कुणी हसलं नाही. चाचणीवालीने घाईघाईने पान उलटलं.

“ऐकलंत?” साहेब म्हणाले. “एकट्याला खेळता येईल असं करा. नाहीतर आजच हिला मूठमाती.”

“एकट्याने नाही चालत साहेब.” दोरीवाल्याने मान वर केली. “एकट्यालाच खेळायचं असेल तर दोरी कशाला? काठी द्या हातात. समोरून कुणीतरी ओढतंय, हाच तर खेळ आहे. बाकी होडीबिडी सगळी सजावट.”

“अहो, पण धरणार कोण?”

“धरतात. माझ्या घरी धरतात!” त्याचा आवाज चढला. “मी आणि बायको. दोन वर्षं झाली, रोज संध्याकाळी अर्धा तास. त्याआधी आमचं बोलणं काय होतं? दूध आणलंत का. दिवा बंद कर. संपलं. आता निदान एका होडीत तरी असतो.”

आठ वर्षांत त्याच्या तोंडून घराचा विषय कुणी ऐकला नव्हता. बोलून गेल्यावर तोच ओशाळला, आणि ओशाळला म्हणून आणखी बोलत सुटला.

“सुरुवातीला तिला जमेना. होडी सारखी तिच्या बाजूला कलंडायची. मग मी दोरीलाच सांभाळून घ्यायला शिकवलं. एकाचा हात कमी पडला, तर दुसऱ्याच्या हाताने भरून काढायचं. संसारात दुसरं काय करतो आपण?”

त्याने पिशवीत हात घातला आणि घरची दोरी काढून टेबलावर ठेवली. एक मूठ तळव्याच्या घामाने काळवंडली होती.

“पहिल्या दिवसापासूनची नोंद आहे हिच्यात. लाव भिंतीवर. दोन माणसं कशी खेळतात, बघू दे सगळ्यांना.”

चाचणीवालीने दोरी जोडली. भिंतीवर दोन रकाने उमटले. मूठ किती वेळ हातात होती, त्या नोंदीला कंपनीत ‘पकड’ म्हणत. त्या हाताने आपणहून किती वेळा ओढलं, त्या आकड्याला ‘ओढ’.

पहिली मूठ. पकड, रोज अर्धा तास. ओढ, चार लाख बारा हजार.

दुसरी मूठ. पकड, रोज अर्धा तास. ओढ, शून्य.

चाचणीवालीने वायर काढली, पुसली, पुन्हा लावली. शून्य जागचं हललं नाही. तिने साहेबांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“दादा, मूठ बिघडली असेल,” ती हळूच म्हणाली. “होतं असं कधीकधी.”

दोरीवाल्याने टेबलावरची दुसरी मूठ उचलली. ही मूठ त्याने कधी हातात धरली नव्हती. ती तिची होती. रोज चहा झाला की ती यायची, समोर बसायची, मूठ हातात घ्यायची आणि अर्धा तास संपला की खाली ठेवून उठायची. एकदाही नाही म्हणाली नव्हती.

त्याने मूठ ओढली.

भिंतीवर शून्याचा एक झाला.

कुणाला कुठे बघावं कळेना. कुणी पाण्याचा ग्लास जवळ ओढला, कुणी पेनाचं टोपण लावलं. साहेब मात्र डोळे बारीक करून भिंतीवरचे आकडे पुन्हा पुन्हा वाचत होते. साहेब वाईट माणूस नव्हते. माणसाची अडीच वर्षं भंगारात टाकणं त्यांच्याही जिवावर आलं होतं. एकदम त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी टेबलावर थाप मारली.

“अहो दोरीवाले, मग चालतंय की एकट्याला!”