मधाचा फोटो

तुमच्या मधाचे फोटो काढून देईन, असा मेल कंपनीला पाठवला आणि चहा गाळतेय तोच मालकाचा फोन. एरवी अशा मेलला कोणी उत्तरही देत नाही. मला तिथेच शंका आली.

"मॅडम, नमुन्याच्या फोटोखाली काय लिहिलंय हे? 'फरक कुणालाच कळत नाही' म्हणजे?"

"सर, लाइटखाली मध गढूळ दिसतो. म्हणून तुमच्या बाटलीत साखरेचा पाक भरून फोटो काढला. आम्ही फोटोवाले करतोच असं."

पलीकडून केबिनचं दार लावल्याचा आवाज.

"वर्षभराचं काम तुम्हालाच. म्हणाल तो रेट." त्यांचा आवाज एकदम खाली आला. "फक्त एवढं सांगा, आमच्या कारखान्यातला कोण फुटला?"